शक्तीप्रमाणे तप

गेल्या चातुर्मासात एका गावी आमचे कीर्तन होते. आरती झाली, बुक्का लावून मंडळी पांगू लागली, तेवढ्यात एक वृद्ध गृहस्थ जवळ आले. आमच्याच दिंडीत वीस-बावीस वर्षे चालणारे, मनाने अगदी सरळ. त्यांनी आमच्या धाकट्या बहिणीची चौकशी केली. तिचा आजार उलटला आहे हे त्यांच्या कानी आले होते. ते हळहळले आणि म्हणाले, "महाराज, राग मानू नका. पण ती एवढी रोज चालली, हात वर-खाली करीत राहिली, डॉक्टरांनी सांगितले ते सगळे केले. शेवटी मिळाले काय तिला?"

प्रश्न कुत्सितपणाचा नव्हता. आम्ही "पांडुरंगाची इच्छा" एवढे म्हणून वेळ मारून नेली. परत येताना गाडीत मात्र आमची आम्हांलाच लाज वाटली. चाळीस वर्षे लोकांच्या शंकांना उत्तरे देत आलो, आणि घरातली शंका पुढे आली तेव्हा देवाला पुढे करून आपण मागे सरलो! ते राहिलेले उत्तर आज येथे द्यावयाचे आहे.

आमच्या बहिणीला झालेला रोग म्हणजे स्तनाचा कर्करोग. हा शब्द कीर्तनकाराच्या लेखणीतून उतरला म्हणून कोणी नाक मुरडू नये. आपल्या देशात बायकांना होणाऱ्या कर्करोगांत आज ह्याचाच क्रमांक पहिला आहे. २०२२ ह्या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९० हजार स्त्रियांना तो नव्याने झाला, असा अंदाज आहे. ह्या कोणाच्या तरी आया, बहिणी, सुना आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी आपल्या टाळ-मृदंगामागे चालणाऱ्या माउल्या असतील. ज्या रोगाचे नाव घ्यावयाची लाज, त्याची गाठ पदराआड लपविली जाते आणि उपचाराला उशीर होतो. तेव्हा नाव घेतलेलेच बरे. बहिणीला विचारूनच हे लिहीत आहोत. ती म्हणाली, "लिहा दादा. फक्त मला बिचारी करू नका."

आता आधी आमचीच चूक सांगतो, म्हणजे पुढचे बोलावयाचा अधिकार थोडाफार तरी येईल.

२०१८ सालच्या माघात तिची शस्त्रक्रिया झाली. एका बाजूचा स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या. मग किमो झाली, मग किरणोपचार झाले, ज्याला आपले लोक 'लाइट' म्हणतात. आषाढी जवळ आली. एकोणीस वर्षे डोक्यावर तुळस घेऊन चाललेली बाई ती. तिने विचारले, "दादा, यंदा सगळी नाही, थोडी तरी चालू का?" आम्ही म्हणालो, "छे! आता विश्रांती हेच तुझे व्रत. हात तर अजिबात हलवू नकोस. जपमाळेपुरता हलला तरी पुष्कळ झाले." थोरला भाऊ म्हणून सांगितले आणि बुवा म्हणूनही सांगितले. दोन्ही नात्यांनी तिला 'नाही' म्हणता येईना. घरात सुनांना ताकीद दिली की हिला तांब्यासुद्धा उचलू द्यावयाचा नाही. इस्पितळातून हाताच्या व्यायामांची चित्रे असलेला एक कागद मिळाला होता. तो आम्हीच घडी करून पोथ्यांच्या फडताळात ठेवून दिला. आमच्या मनात तिच्याविषयी माया होती, ह्यात संशय नाही. पण मायेने केलेली गोष्ट बरोबरच असते असे थोडेच आहे?

दिवाळीपर्यंत तिचा खांदा धरला. वेणी घालता येईना. चोळीच्या बाहीत हात जाईना. हात सुजून बांगडी मनगटात रुतू लागली. चार पावले चालली की धाप लागे, आणि जितकी निजावी तितका थकवा वाढे. कार्तिकात घरी हरिपाठ चालला होता. गजराला सर्वांचे दोन्ही हात वर गेले. तिचा एकच गेला. दुसरा छातीपाशी तसाच राहिला. ते आम्ही पाहिले आणि पुढचा अभंग आमच्या तोंडून नीट निघेना.

मग इस्पितळात दाखविले. तेथे फिजिओथेरपी शिकविणारी एक मुलगी होती, आमच्या नातीच्या वयाची. तिने विचारले, "मावशी, तुम्हाला घरी करायला कागद दिला होता ना?" बहिणीने आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणाली, "दिला होता बाळ. हरवला." आम्ही शेजारच्या बाकावर उपरणे सावरीत बसलो होतो.

त्या मुलीने आम्हां दोघांना जे समजावून सांगितले, ते असे. रक्त फिरविण्यास हृदय आहे. पण शरीरात लसिका म्हणून एक पाणी झिरपत असते. ते परत नेणाऱ्या बारीक नळ्यांना तसा मोठा पंप नाही. त्या थोड्या स्वतःच आवळतात, आणि बाकी जोर स्नायूंच्या हालचालीचा व श्वासाचा. काखेतल्या गाठी ही ह्या वाटेवरची ठाणी. त्या काढल्या किंवा त्यांच्यावर किरण दिले की वाट अरुंद होते. मग हात स्वस्थ ठेवून कसे चालेल? शिवाय शस्त्रक्रियेचा व्रण आणि किरणांनी आखडलेली कातडी ही वाळणाऱ्या चामड्यासारखी. हळूहळू ताणत राहिले तर सैल, नाहीतर घट्ट. किमोचा थकवाही काही दिवसभराच्या कामाचा शीण नव्हे, की निजले आणि गेला. तो नुसत्या निजण्याने जात नाही. बेताच्या चालण्याने कमी होतो, हे आता पुष्कळ अभ्यासांतून ठरलेले आहे.

तिने एक साधा व्यायाम दिला. भिंतीकडे तोंड करून उभे राहावयाचे, बोटे भिंतीवर टेकवावयाची, आणि मुंगी चढते तशी एकेक बोट वर नेत हात चढवावयाचा. जेथे ओढ बसेल तेथे क्षणभर थांबावयाचे आणि तसेच खाली यावयाचे. बहिणीने माजघराच्या भिंतीवर कोळशाने रेघ मारली. पहिली रेघ खांद्याच्याही खाली होती. पुढे आठवड्याला एक रेघ. चैत्रात ती रेघ दिव्याच्या कोनाड्याच्या वर गेली. हाताला इस्पितळातून मिळालेला दाबाचा मोजा होता, सूज उतरणीला लागली होती. २०१९ च्या आषाढीला ती वाखरीपासून पंढरपुरापर्यंत पायी आली. डोक्यावर तुळस नव्हती, पण गजराला दोन्ही हात वर होते. पुढची दोन वर्षे, २०२० आणि २०२१, पायी वारीच नव्हती, पादुका एस.टी.ने गेल्या. त्या काळात ती अंगणात फेऱ्या घाली आणि तुळशीपाशी मणी ओढून त्या मोजी.

अशी चूक करणारे आम्ही एकटेच नव्हतो, हे पुढे वाचनात आले. विद्वानांकडूनही ती झालेली आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील हॉल्स्टेड नावाच्या शल्यवैद्याने १८९४ साली आपल्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तीत स्तनाबरोबर छातीचा स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढून टाकीत. ती पद्धत पुढे कित्येक दशके चालली. जीव वाचविण्याच्या त्या धडपडीत बाईच्या हाताचे पुढे काय होते, हा प्रश्न मागे पडला. न्यूयॉर्कच्या टेरेसी लॅसर ह्या बाईंवर १९५२ साली अशी शस्त्रक्रिया झाली. पुढे काय करावे हे सांगणारे कोणी भेटेना, म्हणून त्या स्वतःच हाताचे व्यायाम करीत बऱ्या झाल्या, आणि मग इस्पितळांत जाऊन दुसऱ्या बायकांच्या खाटेशी उभ्या राहून ते दाखवू लागल्या. त्यातून 'रीच टू रिकव्हरी' हे कार्य उभे राहिले. १९६९ साली अमेरिकेच्या कॅन्सर सोसायटीने ते आपल्याकडे घेतले.

तरीही हाताला जोर द्यावयाचा नाही, ओझे उचलावयाचे नाही, नाहीतर सूज येईल, ही समजूत टिकूनच होती. कॅनडातील व्हँकूव्हर येथील डॉ. डॉन मॅकेन्झी ह्यांनी १९९६ साली तिची परीक्षा घेतली. ह्या रोगातून उठलेल्या २४ बायका त्यांनी गोळा केल्या. आधी काही महिने व्यायामशाळेत हळूहळू तयारी करून घेतली, मग त्यांना लांबलचक नावेत वल्ही मारावयास बसविले. ह्या नावेत दोघी-दोघींच्या ओळीने वीस जणी बसतात आणि पुढे एक जण नगारा वाजवून ताल देतो. आपल्या दिंडीत पखवाजावर पाऊल पडते, तशी तेथे नगाऱ्यावर वल्ही पडतात. पुष्कळांना भीती होती की हात सुजणार. दोन वर्षांनी, १९९८ मध्ये, मॅकेन्झींनी लिहिले की त्यांच्यापैकी एकीलाही नव्याने सूज आली नाही. २४ ही संख्या फार थोडी, हे खरे. पण पुढे अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, हात आधीच सुजलेल्या १४१ बायकांवर नीट तुलना करून प्रयोग केला. निम्म्या जणींना आठवड्यातून दोनदा, अगदी हलक्या वजनापासून सुरुवात करून, हळूहळू वाढवीत वजने उचलावयास शिकविले. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: वजनाने सूज वाढली नाही; उलट ती उसळण्याचे प्रसंग त्या बायकांत कमी आले, आणि बळ वाढले.

हा झाला वैद्यकाचा भाग. आता आमच्या क्षेत्रातला भाग. कारण व्यायामाचा कागद आम्ही फडताळात ठेवला तो वैद्यक कळत नव्हते एवढ्यामुळे नव्हे. मनात काही सिद्धान्त होते, आणि ते अर्धवट होते. ते पूर्वपक्ष म्हणून एकेक घेऊ.

पहिला पूर्वपक्ष प्रारब्धाचा. रोग हा भोग आहे, तो भोगूनच संपावयाचा. तेथे हात-पाय हलवून काय होणार? ह्यास उत्तर असे की, भूक लागणे हेही देहाच्या भोगांतलेच आहे; पण पान वाढल्यावर प्रारब्ध घास भरवील म्हणून कोणी हात बांधून बसत नाही. प्रारब्धाने गाठ आली असे मानले, तरी भिंतीवर बोटे चढविण्याची बुद्धी आणि ती शिकविणारी मुलगी ही कोठून आली? आणखी एक. कर्माचा सिद्धान्त हा ज्याने त्याने आपल्या अंतःकरणापुरता वापरावयाचा दिवा आहे. तो दुसऱ्याच्या अंथरुणाशी नेऊन 'तुझेच काहीतरी असेल' म्हणावयाचे, हे शास्त्र नव्हे, निष्ठुरता आहे. आजारी बाईला आधीच रात्री झोप नसते. तिच्या उशाशी हा हिशेब मांडू नये.

दुसरा पूर्वपक्ष देहासक्तीचा. देह नाशिवंत, त्याचे कौतुक भक्ताने कशाला करावे? हा पक्ष आम्ही स्वतः कीर्तनातून अनेकदा मांडला आहे. पण कीर्तनाला उभे राहण्यापूर्वी पखवाजाला काय करतो ते आठवा. डाव्या पुडीला कणीक लावतो, गठ्ठे ठोकतो, सूर मिळेपर्यंत थांबतो. कोणी म्हणते का, की ह्या बुवांना पखवाजाची आसक्ती फार? देह मिरविणे वेगळे आणि देह लावून घेणे वेगळे.

शरीर हे धर्माचे पहिले साधन, हे कालिदासाचे वचन सर्वांना पाठ असते. तालमीच्या भिंतीवर, औषधाच्या दुकानात, सगळीकडे ते लिहिलेले दिसते. पाठशाळेत कुमारसंभवाचा पाचवा सर्ग आम्हीही घोकला. पण ह्या वचनाच्या लगेच आधीचा चरण लोकांच्या ध्यानात राहत नाही, आणि आमच्याही राहिला नव्हता. पार्वती कडक तप करीत आहे. शंकर बटूच्या वेषाने आले आहेत आणि कुशल विचारीत आहेत. ते तिला विचारतात की, तू आपल्या शक्तीप्रमाणे तप करतेस ना? आणि मग ते शरीराविषयीचे वाक्य येते. म्हणजे ते वचन प्रश्नाच्या पाठोपाठ आले आहे, आणि प्रश्न आहे शक्तीच्या मापाचा. तप सोड, स्वस्थ बस, असे तेथे म्हटलेले नाही. तुझी शक्ती किती, हे तू पाहतेस ना, एवढेच विचारले आहे. आम्ही बहिणीला हा प्रश्न विचारलाच नाही. तिची शक्ती किती हे तिला न विचारता आम्हीच ठरविले, आणि शून्य ठरविले.

तिसरा पूर्वपक्ष घरातल्या कर्त्या माणसांचा. आमच्या बायका पहाटेपासून राबतात. त्यांना आणखी व्यायाम कशाला? ह्याचे उत्तर सुश्रुताच्या एका शब्दात आहे. तो म्हणतो, व्यायाम आपल्या बळाच्या अर्ध्याने करावा. अर्धे बळ कसे ओळखावे हेही सांगितले आहे: श्वास तोंडाशी येऊ लागला की ते माप भरले. हे त्याने धट्टाकट्ट्यांसाठी लिहिले, ह्या रोगासाठी नव्हे. पण मापाची दृष्टी घेण्यासारखी आहे. आजचे व्यायामतज्ज्ञही असेच एक माप सांगतात. चालता चालता बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत चाल ठेवावी. वारकऱ्याला हे कळावयास जड नाही. शेजारणीशी चार शब्द बोलता येतात, पण अभंगाची लांब तान ओढवत नाही, ती चाल बेताची.

राबण्याला हे माप नसते, म्हणून राबणे हा व्यायाम नव्हे. धुण्याची बादली, जनावरांचा चारा, रोजंदारीची खुरपणी ही बाईचे बळ पाहून येत नाहीत. आज ताप आहे, उद्या अर्धाच चारा टाकू, असे म्हणता येत नाही. व्यायाम तेवढा असा आहे की, तो आज दहा मिनिटे, उद्या बारा मिनिटे आणि परवा नाही, असा तिच्या हातात राहतो. म्हणून आमच्यासारखे घर बाईला बसवून चूक करते, तसेच दुसरे घर टाके निघताच तिला शेतात पाठवून चूक करते. एका घरात लाड आहे, दुसऱ्यात गरज आहे. बाईचे माप मात्र दोन्हीकडे दुसराच कोणी ठरवितो. बसविणाऱ्यांनी थोडे हातून काम होऊ द्यावे. राबविणाऱ्यांनी थोडे काम आपल्या अंगावर घेऊन तिला चालावयास अर्धा तास मोकळा द्यावा. गरिबीत हा अर्धा तास काढणे किती कठीण आहे ते आम्ही जाणतो. म्हणूनच हे बाईला नव्हे, घराला सांगत आहोत.

आता थोडे व्यवहाराचे. २०१९ साली अनेक देशांच्या तज्ज्ञांनी मिळून कर्करोगाच्या रोग्यांसाठी जे माप सुचविले ते असे: आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी अर्धा तास, बेताच्या चालीने चालणे किंवा तसलाच व्यायाम, आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंना थोडा जोर. सुरुवातीला एवढे झेपत नसेल तर पाच-पाच मिनिटांनी सुरू करावे. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवसांत मूठ उघड-मीट करणे, कोपर दुमडणे एवढेच. निचऱ्याची नळी असेपर्यंत हात खांद्याच्या वर नेऊ नये असे पुष्कळ शल्यवैद्य सांगतात. तेव्हा आपल्या डॉक्टरांना विचारूनच वर न्यावा. हार्मोनच्या काही गोळ्या चालू असताना सांधे धरू शकतात आणि हाडे विरळ होऊ शकतात. त्यांतही चालणे आणि हलके वजन उपयोगी पडते. ताप, छातीत दुखणे, धाप, चक्कर, हाताला एकाएकी सूज किंवा लाली, अथवा पूर्वी नव्हते असे हाड दुखणे, ह्यांपैकी काही झाले तर त्या दिवशी व्यायाम बंद ठेवून इस्पितळ गाठावे. व्यायाम हा औषधाच्या जोडीला आहे, औषधाच्या जागी नाही. औषध सोडून नुसते चालत राहा, असे जो सांगेल त्याचे ऐकू नये. मग तो बुवा असला तरी.

आता त्या वृद्ध गृहस्थांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. २०२३ साली बहिणीचा आजार पाठीच्या हाडात उतरल्याचे निघाले. मग एवढे करून मिळाले काय?

येथे खरे तेवढेच बोलले पाहिजे. २००५ साली अमेरिकेत जवळजवळ तीन हजार रोगी स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्याला तीन ते पाच तास चालणाऱ्या बायका, न चालणाऱ्यांपेक्षा ह्या रोगाने कमी दगावल्या, असे दिसले. हे वाचून हुरूप येतो. पण न्यायशास्त्राच्या पहिल्या वर्षात आम्हांस शिकविले होते की, बरोबर दिसले म्हणजे कारण झाले असे नाही. घडा होताना कुंभाराचे गाढवही तेथे असते. म्हणून गाढव हे घड्याचे कारण ठरत नाही. जी मुळात बरी असते तीच जास्त चालू शकते, अशीही शक्यता आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात, शिस्तीने व्यायाम करणाऱ्यांत रोग कमी उलटला आणि ती माणसे अधिक जगली, असे नीट तुलनेच्या प्रयोगातून २०२५ साली दिसून आले. पण तो रोग दुसरा. स्तनाच्या कर्करोगात चालण्याने आयुष्य वाढते असे कोणी छातीठोक सांगू लागला तर त्याला थांबवावे. थकवा कमी होतो, हात मोकळा होतो, बळ येते, मन उभारी धरते, एवढे निश्चित.

आणि हे न सांभाळल्याने काय होते ते आम्ही पाहिले आहे. व्यायामाने रोग जातोच असे एकदा गावभर झाले, की ज्या बाईचा रोग परतला तिच्याकडे लोक संशयाने पाहतात: हिने नीट केले नसेल, कोठेतरी चुकली असेल. म्हणजे आधी प्रारब्धाचा ठपका होता, आता आळसाचा आला! बाईने रोगही सोसावयाचा आणि रोग का परतला ह्याचा जबाबही द्यावयाचा. कर्म आपले, फळ आपल्या हाती नाही, हा गीतेचा उपदेश आम्ही चाळीस वर्षे सांगितला. तो आपण पुष्कळदा दुसऱ्यांना राबविण्यासाठीच वापरतो. येथे त्याचा खरा उपयोग आहे. फळ हातात नाही ह्याचा अर्थ, फळ आले नाही तर करणाऱ्याला दोषही नाही.

बहिणीला आम्ही तो प्रश्न सांगितला, थोडा भीतभीतच. ती पाट्यावर चटणी वाटीत नव्हती, हे सांगावयास हवे; तसले जोराचे काम आता तिला बंद आहे. डॉक्टरांनी फुगडी, उडी, कमरेतून पीळ देणे, जड उचलणे हे सारे वर्ज्य केले आहे, कारण हाड ठिसूळ झाले आहे. ती अंगणात फेऱ्या घालीत होती. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, एवढे माप त्याच फिजिओथेरपीच्या मुलीने तपासून ठरवून दिले आहे. फेरी पुरी करून ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "दादा, पाच वर्षे माझी वेणी मी घातली. न्हाणीघरात मी एकटी जाते. नातवाला मांडीवर घेऊन उठता येत होते तोवर उठले. त्यांना सांगा, मला हे मिळाले." मग थोडे थांबून म्हणाली, "आणि उद्या फेऱ्या पाचच झाल्या, तर पाच. कोणी मोजायला बसू नका म्हणावे."

तर वाचक माउलींनो, आमचे उत्तर ते हेच. त्या गृहस्थांनाही पत्राने कळविले आहे. येत्या वारीसाठी आमच्या दिंडीत आम्ही तीन गोष्टी ठरविल्या आहेत, त्या तुमच्याही दिंडीने ठरवाव्या अशी विनंती आहे. ह्या रोगातून उठलेली किंवा ह्या रोगासह जगणारी बाई डॉक्टरांचा होकार घेऊन आली, तर तिला झेपेल तेवढाच टप्पा तिने चालावा. मागे गाडी असेल, आणि गाडीत बसली म्हणून तिची वारी अर्धी झाली असे कोणी म्हणणार नाही. तिचे ओझे दुसरी घेईल, पण विचारून घेईल. आणि तिला 'बस' किंवा 'चाल' म्हणण्याआधी, बटूने पार्वतीला विचारले तसे आपणही विचारू: बाई, तुमची आजची शक्ती किती?

तो व्यायामाचा कागद अजून आमच्याकडे आहे. बहिणीने 'हरवला' म्हणून सांगितलेला तो कागद २०१८ च्या कार्तिकातच आम्ही फडताळातून काढून तिच्या हाती दिला. ती नुसती हसली. घड्यांवर तो आता फाटला आहे, आणि माजघराच्या भिंतीवर, कोळशाच्या रेघांशेजारी चिकटविलेला आहे. घर रंगवावयास काढले तेव्हा तेवढी भिंत आम्ही रंगवू दिली नाही.

रामकृष्णहरि.